गचक्यांतही गाणे अखंड कसे वाजे?

पुलगावहून आर्वीला निघालेल्या एसटीत मागच्या बाकावरच्या प्रवाशाने कानाला हेडफोन लावावा, मांडीवरच्या डिस्कमनमध्ये गाणे रंगात यावे आणि नेमका तेव्हाच चाकाखाली खड्डा यावा! सुरुवातीच्या काळातील प्लेअरवर अशा वेळी गाणे हमखास तुटत असे. कधी एखादी ओळ गाळून पुढे उडी, तर कधी एकाच शब्दाची घोकंपट्टी. सोनी कंपनीने १९८४ मध्ये 'डी-५०' हा हातात मावणारा सीडी प्लेअर आणला खरा. पण तो स्थिर ठेवून ऐकण्यातच शहाणपण होते. नव्वदच्या दशकात मात्र तशाच गचक्यांतून गाणे सलग ऐकू येऊ लागले. गंमत म्हणजे, आतला लेझर किरण त्या वेळीही वाट चुकतच होता.

ही वाट किती अरुंद असते, हे पाहण्यासारखे आहे. सीडीवरील ध्वनी अतिसूक्ष्म खळग्यांच्या रूपात एका चक्राकार वाटेवर नोंदलेला असतो. ती तबकडीच्या मध्याजवळून सुरू होऊन कडेकडे जाते. उलगडली तर तिची लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरेल. तिच्या शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर असते अवघे १.६ मायक्रॉन. आता बंद पडलेल्या पुलगाव-आर्वी नॅरोगेज मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. तेवढ्या जागेत सीडीच्या सुमारे पावणेपाच लाख वाटा शेजारी शेजारी मावतील. इतक्या बारीक वाटेवर किरण टिकवून धरण्यासाठी त्याचे भिंग नाजूक आधारावर तरंगते ठेवलेले असते. परावर्तित प्रकाशावरून किरण किती ढळला हे ओळखून विद्युतचुंबकीय यंत्रणा भिंगाला क्षणोक्षणी सावरत असते. लहानसहान थरथर ती पचविते. मोठा गचका मात्र तिला आवरत नाही आणि किरण दुसऱ्याच फेरीवर जाऊन पडतो.

मोटारीतील प्लेअरमध्ये स्प्रिंग आणि रबराच्या आधारांनी धक्का बराच शोषून घेता येई. हातातल्या हलक्या यंत्रात त्यासाठी पुरेशी जागा कुठली? म्हणून अभियंत्यांनी धक्का अडविण्याचा नाद सोडून वेळ हाती राखण्याचा मार्ग धरला. नळाला तासभरच पाणी येत असले तरी गच्चीवरील टाकीमुळे घरात दिवसभर पाणी मिळते, तसाच हा प्रकार. तबकडी नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरवायची, वाचलेली माहिती मेमरी चिपमध्ये साठवायची आणि कानापर्यंतचे गाणे त्या साठ्यातून नेहमीच्या गतीने सोडायचे. साठा भरला की वाचन थोडे थांबते. गचका बसून किरण भरकटला तरी श्रोत्याला साठ्यातले गाणे ऐकू येत राहते.

तेवढ्या अवधीत किरणाला आपली जागा पुन्हा शोधावी लागते. सीडीवर ध्वनीबरोबरच वेळेच्या खुणाही नोंदलेल्या असतात, सेकंदाला ७५ या प्रमाणात. त्यांच्या आधारे तो योग्य ठिकाणाच्या जवळपास पोहोचतो. पण 'जवळपास' पुरेसे नाही. सांधा थोडा जरी चुकला तरी कानाला खट्ट असा आवाज जाणवतो. म्हणून साठ्यातील शेवटचे आकडे आणि नव्याने वाचलेले आकडे ताडून पाहिले जातात आणि ते जुळतात तेथून पुढची भरती सुरू होते.

खरी अडचण होती साठ्याच्या आकाराची. सीडीवरील ध्वनीला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात. म्हणजे ४ मेगाबिटच्या चिपमध्ये जेमतेम तीन सेकंदांचे गाणे मावते, तर १६ मेगाबिटमध्ये बारा सेकंदांचे. मग जाहिरातींत झळकणारे चाळीस सेकंद कोठून आले? अनेक प्लेअरमध्ये त्यासाठी ध्वनी आकुंचित करून साठविला जाई आणि त्यात त्याचा थोडा कस जाई. शिवाय तबकडी वेगाने फिरविण्यासाठी बॅटरीही अधिक लागे. दर्दी श्रोते घरी बसून ऐकताना ही सोय बंद ठेवीत, ते उगाच नव्हे. बऱ्याच प्लेअरवर त्यासाठी वेगळे बटण असे. एमपी-३ सीडी आल्यावर हा पेच सुटला. तिच्यात गाणे मुळातच आकुंचित असते. १२८ किलोबिट दराचे गाणे असेल तर तेवढ्याच १६ मेगाबिटमध्ये ते दोन मिनिटांहून अधिक काळ पुरते.

तरीही ही टाकी रिकामी होऊ शकतेच. रस्ताभर खड्डेच असतील, तर किरणाला स्थिरावून भरती करण्यास उसंत मिळत नाही आणि साठा संपताच गाणे थांबते. ओरखडे पडलेल्या तबकडीलाही या साठ्याचा फारसा उपयोग नाही. ओरखड्याने पुसलेली माहिती भरून काढण्याचे काम सीडीवरच नोंदलेल्या जादा आकड्यांचे असते, आणि ओरखडा फार लांब असला तर त्यांचाही इलाज चालत नाही. जुना डिस्कमन विकत घेताना गाणे एकाच जागी अडत असेल, तर तबकडी बदलून पाहावी. दोष यंत्राचा असेलच असे नाही.