शोकांतिका कशाला म्हणावे?

आम्ही नाट्यशास्त्राचे पंडित नव्हे. दहावीच्या आत शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते पिरंगुटच्या बाजूच्या कारखान्यांत पाळी करून आल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांपाशी बसून. गेली पंचवीस-तीस वर्षे कामगारांच्या युनियनचे काम करीत आहो. अशा माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून ग्रीक नाटकावर आणि शोकनायकावर का बोलावे, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. एका शब्दाने आम्हांला या विषयाकडे ओढले. तो शब्द म्हणजे ‘शोकांतिका’.

हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. ताम्हिणी घाटात गाडी दरीत गेली, शोकांतिका. पावसात दरड कोसळली, शोकांतिका. काही वर्षांपूर्वी मुळशी तालुक्यातील एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या एका कंत्राटी मुलाचा हात मनगटापासून गेला. माल जास्त निघावा म्हणून मशीनचा गार्ड आठवडाभर आधीच काढून ठेवला होता, आणि ही गोष्ट सगळ्या शॉपला ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी फलकावर निवेदन लागले. त्याचे पहिलेच वाक्य होते, ‘ही एक शोकांतिका आहे.’ वाचून बरे वाटण्याऐवजी आम्हांला राग आला. पण राग नेमका कशाचा, ते सांगता येईना. शब्द तर दुःखाचाच होता. मग खटकले काय? त्या शोधात आम्ही जे वाचले आणि पाहिले, ते येथे मांडतो.

नाटकाच्या या प्रकाराचा पहिला पद्धतशीर विचार इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने केला. त्याचा ग्रंथ कवी विंदा करंदीकरांनी ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ या नावाने 1957 साली मराठीत आणला, आणि आमच्यासारख्या इंग्रजीत अडखळणाऱ्यांची सोय झाली. अ‍ॅरिस्टॉटलचा पहिला प्रश्न अगदी व्यवहारी आहे. कोणाचा नाश पाहून आपल्याला एकाच वेळी भय आणि करुणा वाटते? निव्वळ सज्जनाचा नाश पाहून किळस येते, कारण त्यात अन्यायाखेरीज काही नसते. दुष्टाचा नाश पाहून बरे वाटते. तेव्हा उरतो तो मधला माणूस. तो थोर आहे, पण निर्दोष नाही. आणि त्याचा नाश दुष्टपणामुळे नव्हे, तर त्याच्या हातून घडलेल्या एखाद्या चुकीमुळे होतो. असा माणूस म्हणजे शोकनायक.

या चुकीला ग्रीक शब्द आहे ‘हॅमार्शिया’. पुष्कळ पुस्तकांत त्याचा अर्थ ‘स्वभावदोष’ असा दिलेला असतो. पण शब्दाचे मूळ पाहिले तर गंमत कळते. तो तिरंदाजाचा शब्द आहे. त्याचा अर्थ नेम चुकणे. नेम चुकतो तो काही वेळा हात दुबळा म्हणून नव्हे, तर हात जोरकस म्हणून. बाण लक्ष्याच्या पलीकडे जातो. हा अर्थ श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

बाकीच्या संज्ञा एका नाटकातून समजून घेऊ. सोफोक्लीजचा राजा ईडिपस हा थीब्ज नगरीचा राजा. नगरीत रोगाची साथ आली आहे. आधीच्या राजाचा खुनी सापडेपर्यंत ती हटणार नाही, अशी देववाणी होते. ईडिपस प्रजेला वचन देतो की खुनी कोणीही असो, मी त्याला शोधून काढीन. आणि तो त्या खुन्याला शापही देतो. प्रेक्षकांना कथा आधीच माहीत असते. तो खुनी म्हणजे ईडिपस स्वतःच. नकळत त्याने बापाला मारले आहे आणि आईशी लग्न केले आहे. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक, आणि म्हणून पात्राच्या साध्या शब्दाला दुहेरी धार. याला ‘ड्रॅमॅटिक आयरनी’ म्हणतात.

पुढे कॉरिंथहून एक निरोप्या येतो. राजाच्या मनातले भय घालवावे म्हणून तो एक गोष्ट सांगतो, आणि तिनेच भय खरे ठरते. चांगले करायला जावे आणि त्याच कृतीने उलटे व्हावे, ही झाली ‘पेरिपेटिया’, म्हणजे पारडे फिरणे. त्यापाठोपाठ ईडिपसला स्वतःची ओळख पटते. अज्ञानातून ज्ञानात येण्याच्या या क्षणाला ‘अ‍ॅनाग्नोरिसिस’ म्हणतात. शब्द अवघड वाटेल, पण आपल्याकडे त्याला सुंदर प्रतिशब्द आहे: अभिज्ञान. कालिदासाने तो नाटकाच्या नावातच घातला आहे. फरक इतकाच की दुष्यंताला ओळख पटते तेव्हा तुटलेले जुळण्याची वाट मोकळी होते. ईडिपसला ओळख पटते तेव्हा जुळलेले सारे तुटते.

शेवटची संज्ञा ‘कॅथार्सिस’, म्हणजे भय आणि करुणा यांचे विरेचन किंवा शुद्धी. या शब्दावर पंडितांनी फार शाई खर्च केली आहे. आमच्यापुरते आम्ही असे समजतो की नाटक पाहून माणूस रडतो, पण घाबरट होऊन घरी जात नाही. थोडा शहाणा होऊन जातो.

मग आपल्या संस्कृत नाटकात शोकांतिका का नाही? संकेत असा होता की रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये आणि शेवट मंगल करावा. तरी अपवाद आहे. भासाच्या ‘ऊरुभंग’ नाटकात मांड्या मोडलेला दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो, आणि जाताना मुलाला पांडवांची सेवा करण्यास सांगतो. ज्याला आपण खलपुरुष म्हणून ओळखतो, तो तेथे मोठा होऊन मरतो.

मराठीत ही वाट एकोणिसाव्या शतकात रुंद झाली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ 1861 सालचे. पुढे आगरकरांनी हॅम्लेटवरून ‘विकारविलसित’ लिहिले आणि देवलांनी ऑथेल्लोवरून ‘झुंझारराव’. परंतु सामान्य प्रेक्षकाच्या काळजात शोकनायक जाऊन बसला तो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मुळे. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व मंडळीने त्यानंतर महिन्याभराने बडोद्यास केला. लेखकाने आपले नाटक रंगभूमीवर पाहिलेच नाही.

‘एकच प्याला’ हे दारूबंदीच्या प्रचाराचे नाटक, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. कामगार वस्तीत त्याचे प्रयोगही त्याच हेतूने होत. पुन्हा वाचले तेव्हा दिसले की दारू हे नुसते साधन आहे. सुधाकर गरिबीतून स्वतःच्या बुद्धीने वर आलेला वकील. त्याचा सगळा मोठेपणा स्वाभिमानात आहे. भर न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही महिन्यांपुरती रद्द होते, आणि तो अपमान त्याला गिळता येत नाही. एखादा लाचार माणूस माफी मागून घरी गेला असता, आणि नाटक पहिल्याच अंकात संपले असते. सुधाकर लाचार नाही, म्हणूनच तळीरामाचा पहिला प्याला त्याच्या ओठी लागतो. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करून कामासाठी दारोदार जातो, तेव्हा लोक त्याला झिडकारतात. तेथेही तोच स्वाभिमान दुखावतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. ज्या गुणाने चढला त्याच गुणाने पडला. नेम चुकला तो हात जोरकस म्हणून. सिंधू आणि मूल यांचा बळी गेल्यावर त्याला अभिज्ञान होते. पण तेव्हा हातात विषाचाच प्याला उरतो.

येथे आमच्या मनात एक कामगारी शंका आली. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की नायक नामवंत घराण्यातला असावा. मग गरिबाला शोकनायक होण्याचाही हक्क नाही काय? या शंकेला विसाव्या शतकाने उत्तर दिले आहे. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर याने 1949 साली एका फिरत्या विक्रेत्याला नायक केले, आणि सामान्य माणूसही शोकनायक होऊ शकतो असे त्याच वर्षी लेख लिहून मांडले. आपल्याकडे शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (1970) गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आहे; राज्य नाही, पण मुलांना सारे देऊन टाकण्याची राजाची उदारता आहे, आणि तीच त्याला रस्त्यावर आणते. नायकाला मुकुट लागत नाही. मात्र त्याच्या हाती निवड लागते. ज्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि ज्याने त्यांतली एक आपण होऊन धरली, तोच शोकनायक.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. प्रेसवरच्या त्या मुलाने कोणती वाट निवडली होती? कोणतीच नाही. गार्ड दुसऱ्याने काढला. तेव्हा ती शोकांतिका नव्हे. तो अन्याय होता. आमचा राग का आला ते तेव्हा कळले. ‘शोकांतिका’ म्हटले की दैवाकडे बोट जाते, आणि गार्ड काढणारा हात दिसेनासा होतो.

हीच कसोटी आम्ही आमच्या तालुक्याच्या सर्वांत मोठ्या दुःखाला लावून पाहिली. मुळशीचे धरण बांधून, खाली कोकणात भिरा येथे वीज निर्माण करून मुंबईला पुरवण्याची टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूने उभा केला. भरपाई ठरू लागली तसे जमिनींवर हक्क असलेले सावकार मागे सरले, आणि कसणारे एकटे पडले. धरण झाले, गावे गेली. लोक याला मुळशीची शोकांतिका म्हणतात. आम्ही नम्रपणे सांगतो की हा शब्द येथे चुकीचा आहे. तेथे कागद होते, सह्या होत्या, निर्णय घेणारी माणसे होती. बुडालेल्यांनी नेम धरलाच नव्हता, मग तो चुकणार कसा?

सेनापती बापट तरी शोकनायक म्हणावेत काय? 1924 साली त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. पण परिणाम काय होणार ते त्यांना आधीच ठाऊक होते. त्यांच्या बाबतीत पारडे अवचित फिरले नाही, आणि मागून ओळख पटण्यासारखे काही झाकलेलेही नव्हते. जाणूनबुजून शिक्षा पत्करणाऱ्याची कथा वीररसाची असते. तिच्यापुढे मान झुकते; भय वाटत नाही.

मग खरी शोकांतिका आम्ही कोठे पाहिली? सांगायला जड जाते, पण सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यातील संपाचे नेतृत्व आमच्याकडे होते. न वाकणे ही आमची ख्याती. त्या बळावर आधीचे दोन करार चांगले झाले होते. संपाच्या पाचव्या आठवड्यात मालकांनी मागणीच्या निम्म्याहून थोडे अधिक देऊ केले. जुन्या जाणत्या सभासदांनी सांगितले, साहेब, घेऊन टाकू. आम्ही नाही म्हटले. पुढच्या महिन्यात बाहेरची माणसे आत गेली, संप मोडला आणि चौदा जणांची नोकरी गेली.

त्यांतल्या एकाच्या घरी आम्ही महिन्याभराने गेलो. शिव्या खाण्याची तयारी करूनच गेलो होतो. त्याने बसायला सतरंजी टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितला, आणि म्हणाला, “तुमी वाकत नाय म्हणून तर आमी तुमच्यामागं आलो व्हतो, साहेब.” रागाचा एक शब्द नव्हता. त्या वाक्याने जे कळले ते कोणत्याही चौकशीने कळले नसते. पारडे कोठे फिरले, नेम कोठे चुकला, सगळे त्या एका वाक्यात होते. पुढे ‘एकच प्याला’ पाहताना सुधाकर परका वाटला नाही.

म्हणून आम्ही दोन हिशेब दोन वह्यांत ठेवायला शिकलो आहो. चौदा जणांना काढण्याच्या कागदावर सही मालकांची होती; तो अन्याय होता, आणि त्याची दाद आम्ही कामगार न्यायालयात मागितली. पण देऊ केलेले नाकारले ते आम्ही. तो हिशेब आमच्या नावावर आहे, आणि तो मालकांच्या वहीत ढकलता येत नाही. पहिली वही हरवली तर माणूस प्रत्येक अपघाताला दैव म्हणू लागतो. दुसरी हरवली तर पुढारी आपल्या प्रत्येक पराभवाला दुसऱ्याचे कारस्थान म्हणू लागतो. शोकांतिका आपल्याला ही दुसरी वही वाचायला शिकवते, आणि ती वाचायला फार धैर्य लागते.

श्रोत्यांना एवढीच विनंती. यापुढे वर्तमानपत्रात किंवा फलकावर हा शब्द दिसला, तर क्षणभर थांबून विचारावे: येथे निवड कोणाची होती? ज्याचे नुकसान झाले त्याचीच निवड असेल, तर करुणेने पाहावे आणि आपल्यापुरते शहाणे व्हावे. निवड दुसऱ्याची असेल, तर शोक करून थांबू नये. गार्ड कोणी काढला ते विचारावे.