वस्त्रगाळ पाणी आणि सूक्ष्म तंतूंची चाळण

डोळ्यांना निर्मळ दिसणारें पाणी निर्मळच असतें असें नाहीं. पंचवटींत रामकुंडावर सिंहस्थास लक्षावधि यात्रेकरू लोटतात, तेव्हां ही गोष्ट जीविताची होते.

पाणी वस्त्रगाळ करण्याची आपली चाल जुनी आहे. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशांतील एका अभ्यासांत, जुन्या साडीच्या घडींतून पाणी गाळणाऱ्या गांवीं पटकी जवळजवळ निम्म्यानें घटलेली आढळली. पटकीचे जंतु पुष्कळदां पाण्यांतील बारीक जीवांना चिकटलेले असतात, आणि ते जीव कापडांत अडकतात. सुटा जंतु मात्र निसटतो. कारण कापडाचीं छिद्रें त्याच्या मानानें फारच मोठीं.

येथें नॅनोतंतूंचें पटल उपयोगीं पडतें. नायलॉनसारख्या पदार्थाचें द्रावण सुईंतून सोडून, सुई व समोरील पत्रा यांमध्यें हजारों व्होल्टचा विद्युद्दाब देतात. थेंब ताणला जाऊन त्याची धार निघते, द्रावक उडून जातो, व केसाहून शेंकडों पट बारीक तंतु पत्र्यावर जाळीसारखे साचतात. त्या जाळीचीं छिद्रें जंतूहून लहान ठेवतां येतात, आणि पोकळी विपुल असल्यामुळें थोड्या दाबानेंही पाणी झिरपतें.

परंतु काविळीचा विषाणु त्याहूनही सूक्ष्म. तो पार जाऊं शकतो. विरघळलेले क्षार अडत नाहींत, आणि गाळानें छिद्रें बुजतात. म्हणून गाळलेल्या पाण्यास उकळी किंवा क्लोरीन यांची जोड हवीच. आणि नदींत सांडपाणी न सोडणें, हा तर सर्वांच्या आधींचा उपाय होय.