चिकण मातीचा स्वभाव : ओकच्या टेकड्या आणि काळी राने

जमिनीचे प्रकार शिकविताना पुष्कळदा ‘काळी जमीन सुपीक असते’ एवढे एक वाक्य पाठ करून घेतले जाते. शेतकऱ्याच्या मुलाला हे वाक्य अपुरे वाटते. पावसाळ्यात त्याच जमिनीत बैल रुततात आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो, हे त्याने पाहिलेले असते. म्हणून मातीचा रंग सांगून न थांबता तिचा स्वभाव समजावून देणे अगत्याचे आहे. त्यासाठी दूरच्या एका प्रदेशाचे उदाहरण उपयोगी पडते.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मध्यभागी एक लांबच लांब मैदान आहे. त्याच्या पूर्वेस सिएरा नेवाडा पर्वत व पश्चिमेस किनारी डोंगररांगा आहेत. या दोहोंच्या पायथ्याशी गवताळ टेकड्या असून त्यांवर ओकची झाडे विखुरलेली दिसतात. तेथे पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. हिवाळ्यात हिरवे असलेले गवत मे महिन्यापर्यंत वाळून सोनेरी होते. या सर्वच टेकड्यांची माती सारखी नाही. काही ठिकाणी ती तांबडी व उथळ, तर काही ठिकाणी, विशेषतः पंकाश्म झिजून झालेल्या उतारांवर, काळसर व अतिशय चिकण आहे. तिला तेथे ‘अडोबी’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द मूळचा उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांचा आहे. १७६९ नंतर स्पॅनिश धर्मप्रसारकांनी तेथे अशा विटांच्या इमारती बांधल्या. वाळताना वीट तडकू नये म्हणून मातीत वाळू व काड मिसळीत.

वीट का तडकते, याचे उत्तर मातीच्या कणांत आहे. ज्या कणांचा व्यास ०.००२ मिलिमीटरहून कमी असतो त्यांना चिकण कण म्हणतात. परंतु सर्व चिकण कण एकसारखे नसतात. अडोबी मातीत माँटमोरिलोनाइट वर्गाचे खनिज विपुल असते. त्याची रचना वहीच्या पानांप्रमाणे थरांची असून पाणी या थरांच्या मध्ये शिरते. पाणी शिरले की थर दूर सरकतात व माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. एक ग्रॅम शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या सर्व थरांचे पृष्ठफळ मोजल्यास ते सुमारे ८०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आठ गुंठे भरते! एवढ्या विस्तीर्ण पृष्ठावर पाणी व पोषक द्रव्ये धरून ठेवली जातात. या मातीची संपन्नता आणि तिचा हट्टीपणा या दोहोंचे मूळ एकच आहे.

उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते. पाऊस आला की खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही आणि मातीचे लोट एकमेकांवर घासून सरकतात. जमीन जणू स्वतःच स्वतःला उलटवीत असते. म्हणूनच अमेरिकेच्या १९७५ सालच्या मृदावर्गीकरणात अशा मातीस ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘व्हर्टिसॉल’ हे नाव आहे. या हालचालीत कोवळ्या रोपांची मुळे ताणली जाऊन तुटतात. अतिचिकण उतारांवर ओक विरळ व गवत दाट असण्याचे हे एक कारण होय. गवत एका हंगामात बी टाकून मोकळे होते. ओकला मात्र वर्षानुवर्षे मुळे टिकवावी लागतात.

महाराष्ट्राशी या विषयाचे खरे नाते येथेच आहे. बेसाल्ट खडकापासून झालेली विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील खोल काळी माती याच व्हर्टिसॉल वर्गातील आहे. ओक येथे नाही, पाऊस हिवाळ्याऐवजी पावसाळ्यात येतो, खडकही वेगळा. तरीही खनिजाचा स्वभाव तोच. काळेपणा म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य हा समज मात्र बरोबर नाही; अनेक काळ्या जमिनींत ते थोडेच असते.

या मातीत ओल दिसत असूनही पीक सुकू शकते, कारण बारीक कण पाण्याचा काही भाग मुळांना सुटू न देता घट्ट धरून ठेवतात. कोरडी असता भेगांतून ती पाणी झपाट्याने पिते. भिजून भेगा मिटल्या की पाणी वरच तुंबते. म्हणून वाफसा येण्याची वाट पाहणे हे शेतकऱ्याचे मोठे शहाणपण आहे. ओल्या रानात औत घातले किंवा गुरे सोडली तर माती दडपते, आणि पुढे त्याची दगडासारखी ढेकळे होतात. सोलापूर भागात पावसाळाभर रान मोकळे ठेवून, साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी घेण्याची जुनी रीत याच ज्ञानावर उभी आहे. काळ्या जमिनीवर उथळ पायाने बांधलेल्या भिंतींना तडे जातात, तेही याच कारणाने.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचविता येईल. १० सेंटिमीटर लांबीच्या दोन साच्यांत काळी व तांबडी माती नीट भिजवून भरावी. आठवडाभर सावलीत वाळू द्यावी. मग मुलांनी पट्टीने दोन्ही वड्यांची लांबी मोजावी व घट शेकडेवारीत काढावी. एखादी वडी ९ सेंटिमीटर भरली, तर ती शेकडा १० आकसली. भूगोल आणि गणित यांची अशी सांगड सहज बसते. त्यानंतर मुलांना शाळेच्या भिंती व आवार पाहावयास न्यावे आणि भेगा कोठे, कोणत्या महिन्यात रुंदावतात, याची नोंद वर्षभर फळ्याशेजारी ठेवावी. ज्या मुलाचे वडील रोज रानात वाफसा पाहतात, त्याच्याकडून त्या दिवशी शिक्षकांनाही काही शिकावयास मिळेल.