पाऊणकीचा पाढा आणि समुद्र

लक्ष्मीपूजन अमावास्येचे. आकाशात चंद्र नसतो, म्हणून दारातल्या पणत्या अधिकच खुलतात. पण त्याच सुमारास समुद्राला उधाण येते, हे आम्हां शहरी मंडळींच्या सहसा ध्यानी येत नाही. मी मराठीचा प्राध्यापक. आकाशाशी माझा संबंध शब्दांपुरता. पण शब्दही कधीकधी फार वर नेतात.

कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ म्हणतात, अष्टमीच्या सुमाराच्या मवाळ भरतीला ‘भांग’. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका ओळीत येतात व दोघांच्या ओढीची बेरीज होते. अष्टमीला ते काटकोनात असतात, तेव्हा वजाबाकी! सूर्य एवढा प्रचंड, पण फार दूर. त्यामुळे भरतीवरचा त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.

मग दर अमावास्येला ग्रहण का लागत नाही? कारण चंद्राची वाट पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. या दोन वाटा जिथे छेदतात, ते बिंदू म्हणजेच आपले राहू आणि केतू. त्यांच्याजवळ अमावास्या आली की सूर्यग्रहण, पौर्णिमा आली की चंद्रग्रहण. २०२२ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, असाच योग आला आणि मुंबईत सूर्य ग्रस्त असतानाच मावळला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तर लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गाला आला होता, आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला गेले होते.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो. भरतीही तशीच मागे पडते. यावरूनच किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा निघाला: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. थोडा फरक पडायचाच. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकात पाहावी.

हा हिशेब केवळ नावाड्यांचा नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातच दुपारची भरती आली. गटारे-नाल्यांतले पाणी समुद्र घेईना, आणि माणसे वाटेतच अडकली. शेकडो प्राण गेले. तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते. मुसळधार पावसात घराबाहेर पडण्याआधी मुलांकडून पाऊणकीचा पाढा एकदा म्हणवून घ्यावा.