भाषेचे ज्ञान आणि त्याचा दाखला

एखाद्या मनुष्यास एखादी भाषा येते म्हणजे नेमके काय येते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सोलापूरच्या एखाद्या व्यापाऱ्यास कन्नड अस्खलित बोलता येते, पण वाचता येत नाही. संस्कृताचा पदवीधर काव्याचा अर्थ उत्तम लावील, पण त्याच भाषेत चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग आला तर अडखळेल. एखाद्या गृहिणीस शेजारामुळे गुजराती चांगली अवगत असते. परंतु नोकरीच्या अर्जात तसे लिहिण्याचा तिला धीर होत नाही, कारण तिच्यापाशी कागद नसतो. ज्ञान एकीकडे आणि दाखला दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. ती कशी मिटवावी, ह्याचा आज थोडा विचार करू.

आपल्या महाविद्यालयीन परीक्षेची रीत अशी की, ती वर्षाशी आणि नेमलेल्या पुस्तकाशी बांधलेली असते. फ्रेंचमध्ये 100 पैकी 60 गुण मिळाले, एवढ्यावरून त्या विद्यार्थ्यास पत्र लिहिता येईल की नाही, हे कोणासही सांगता यावयाचे नाही. ह्याहून निराळी वाट आपल्या देशास अगदीच अपरिचित आहे, असे मात्र नव्हे. मद्रासला 1918 साली हिंदी प्रचाराचे कार्य सुरू झाले. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 साली स्थापन झाली. ‘परिचय’, ‘कोविद’ अशा पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या तिच्या परीक्षा अनेक कुटुंबांच्या ओळखीच्या आहेत. त्यांना बसण्यास महाविद्यालयाची पायरी चढावी लागत नाही आणि वयाची आडकाठीही नाही.

हीच पायऱ्यांची कल्पना युरोपात अधिक काटेकोरपणे मांडली गेली. युरोप परिषदेने 2001 साली भाषाज्ञानाची एक सामाईक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्या पायऱ्या सहा: ए-1, ए-2, बी-1, बी-2, सी-1 आणि सी-2. तिचे वैशिष्ट्य हे की, ‘किती शिकला’ ह्याऐवजी ‘काय करू शकतो’ हे ती विचारते. पहिल्या पायरीवरचा मनुष्य, समोरचा सावकाश बोलल्यास, आपले नावगाव सांगू शकतो. बी-1 ला पोहोचलेला प्रवासातील बहुतेक अडचणी निभावून नेतो व आपल्या मताची थोडक्यात कारणे देऊ शकतो. बी-2 चा मनुष्य आपल्या व्यवसायातील चर्चा समजू शकतो. शिवाय बोलणे, ऐकणे, वाचणे व लिहिणे ह्यांत एकाच व्यक्तीच्या पायऱ्या भिन्न असू शकतात, हेही त्या मोजपट्टीस मान्य आहे. आमच्या सोलापूरच्या व्यापाऱ्यास त्यामुळे न्याय मिळतो.

परीक्षेची रचनाही ह्या तत्त्वास अनुसरून लवचीक करता येते. जर्मनची गटे-संस्थेची बी-1 परीक्षा वाचन, श्रवण, लेखन व संभाषण अशा चार भागांत विभागलेली आहे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे देता येतो. लेखनात कमी पडलेल्यास तेवढेच पुन्हा द्यावे लागते. दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्या प्रौढास ही केवढी सोय आहे! याउलट, पुण्यात पुष्कळ विद्यार्थी जी जपानी भाषेची परीक्षा देतात, तिच्या 2010 पासून पाच पायऱ्या आहेत. पण एका विभागात किमान गुण न मिळाल्यास सारी परीक्षाच अनुत्तीर्ण ठरते. शिवाय तीत संभाषणाची कसोटी नाही. म्हणून दाखला पाहणाऱ्याने तो कशाचा दाखला आहे, हेही पाहिले पाहिजे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली श्रेयांक साठवून ठेवण्याची ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था केली. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे 30 तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक मिळतो, आणि वर्गाबाहेर संपादन केलेल्या ज्ञानाचे मूल्यमापन करून त्यासही श्रेयांक देण्यास वाव आहे. भाषा हा विषय ह्या योजनेस विशेष अनुकूल आहे, कारण भाषा बहुधा वर्गाबाहेरच शिकली जाते. प्रश्न आहे तो योग्य कसोटी घेण्याचा. ती सैल झाली तर दाखल्याची किंमत उतरेल. महाग झाली तर ज्याला तिची सर्वांत अधिक गरज आहे, तोच दाराबाहेर राहील.

दाखल्याने कोणास भाषा येत नाही, हे खरेच. परंतु ज्याला ती येते, त्याच्या श्रमाची नोंद कोठेच होऊ नये, हेही न्यायाचे नव्हे. परीक्षकाने ‘ही भाषा आपण कोठे शिकलात?’ असे न विचारता ‘हिच्या साह्याने आपण काय करू शकता?’ असे विचारावे. एवढा बदल झाला, तर पुष्कळ घरांतील अबोल विद्या उजेडात येईल.