चार उंदीर, एक पिंजरा

चार काळे उंदीर एकमेकांच्या अंगावर चढले, की साध्या कॅमेऱ्याला कोण कुठला ते कळेनासं होतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांच्या 'लाइव्ह माउस ट्रॅकर'ने (२०१९) त्यावर तोडगा काढला. प्रत्येकाच्या कातडीखाली ओळख सांगणारी आरएफआयडी चिप, पिंजऱ्याच्या तळाशी अँटेना आणि वर अंतर मोजणारा कायनेक्ट कॅमेरा. हो, व्हिडिओ गेमवालाच!

कोण कुणाला हुंगतो, कोण पाठलाग करतो, कोण एकटाच राहतो याची नोंद रात्रंदिवस आपोआप होते. एरवी हेच काम माणसं चित्रफिती पुन्हापुन्हा बघत, डोळे शिणवत करतात.

ऑटिझमशी निगडित शँक२ आणि शँक३ जनुकांत बिघाड असलेल्या उंदरांचं वागणं याच यंत्रणेने तपासलं.

प्राण्यांच्या हालचाली टिपणाऱ्या २०१८ मधल्या 'डीपलॅबकट' या संगणकप्रणालीला तर अंगावर खूणही लागत नाही. दोनेकशे चित्रांवर नाक, कान, शेपटीचं मूळ दाखवून दिलं, की पुढचं संगणक शिकतो.