नंदुरबारचे हुतात्मा स्मारक : नावांचा वारसा

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चच्या आवारात मृत सैनिकांची नावे कोरलेली स्मारके उभी राहिली. नंदुरबारचे हुतात्मा स्मारक मात्र सैनिकांचे नसून, 9 सप्टेंबर 1942 रोजी ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या मिरवणुकीवर झालेल्या पोलीस गोळीबारात प्राणार्पण केलेल्या शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा यांचे आहे. हुतात्मा म्हणजे ध्येयासाठी स्वतःची आहुती देणारा; शिरीषकुमार तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांचा होता. अशा स्मारकाचे मोल दगडाच्या कलाकुसरीत नसून, राष्ट्रीय लढ्याचा इतिहास ते गावाच्या परिचित नावांशी जोडते, यात असते. म्हणून स्मारकाच्या देखभालीबरोबरच ही पाच नावे प्रत्येक पिढीला सांगणे, हेच खरे वारसाजतन होय.